मान झाकू नका

मेट्रन मॅडमनी कागद भिंतीवरून ओढला. चिकटपट्टीसकट. त्याच्याबरोबर नव्या रंगाचा नखाएवढा पापुद्रा निघाला. तो बघून त्या आणखी भडकल्या.

"ही हॉस्पिटलची भिंत आहे. तुमच्या वाडीतला विजेचा खांब नाही, पत्रकं डकवायला."

त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले. मग चार. ते जमिनीवर टाकले.

"उचल."

वॉर्डात नऊ पेशंट होते. दुपारची वेळ, नातेवाईक डबे उघडत होते. ते हात थांबले. 'तुमच्या' म्हणजे कुणाच्या, हे सगळ्यांना कळलं होतं. आमच्याकडे आडनावानंतरचा दुसरा प्रश्न वाडीचा असतो. बौद्धवाडी म्हटलं की समोरच्याचा चेहरा तोच राहतो, फक्त 'तुम्ही'चं 'तू' होतं.

मी वाकले. तीन तुकडे उचलले. चौथा पलंगाखाली सरकला होता, त्यासाठी गुडघ्यांवर बसले. वर बघितलं तर पलंगावरचे दत्तारामकाका माझ्याकडे बघत होते. त्यांनी बोटातल्या पितळी अंगठीनं पलंगाच्या लोखंडी कठड्यावर एकदा ठोकलं. जोरात. त्यांना ओरडायचं होतं. त्यांना आवाज नव्हता.

मी सव्वीस वर्षांची. नर्सिंगचा पूर्ण कोर्स केलेली. मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या वॉर्डात हात काळेनिळे होईस्तोवर काम शिकलेली. आणि मी गुडघ्यांवर बसून कागद गोळा करत होते. वर "सॉरी मॅडम" असंही म्हणाले. ते लपवणार नाही. मी ते म्हणाले.

कागदावर काय होतं ते आधी सांगते. स्केचपेननं, मोठ्या अक्षरात मी लिहिलं होतं:

ऑक्सिजन मानेवर लावा. तोंडावर नाही.
मान झाकू नका.
श्वास अडकला तर मानेतली नळी काढा, भोक उघडं ठेवा, कफ ओढा.
यांचं स्वरयंत्र काढलेलं आहे. नाकातोंडातली हवा फुफ्फुसात पोचत नाही.

बस. एवढंच. यात पत्रक काय आहे? पण एका अर्थी मॅडमचं बरोबर होतं. मला लिहायला पत्रकांनीच शिकवलं. माझे बाबा परळच्या एका छापखान्यात बाइंडर होते. गणपतीला, शिमग्याला गावी येताना ते बिघडलेल्या पत्रकांचे गठ्ठे आणायचे. शाई फुटलेली, ओळ वाकडी गेलेली. माझ्या पहिलीच्या पुस्तकाला कुठल्यातरी मोर्चाच्या पत्रकाचं कव्हर होतं. मी त्यावरून अक्षरं जुळवली. 'हक्क' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता आला. बाबा म्हणायचे, पत्रक वाचणारा माणूस उभा नसतो, चालत असतो. पहिल्या ओळीत त्याला काय करायचं ते सांग. का करायचं ते खाली लिही.

दत्तारामकाकांच्या उशाशी मी तेच केलं. कारण तिथे धावत येणारा माणूस कागद वाचायला थांबणार नव्हता.

दत्तारामकाका नाटे गावचे. बोटीवर तांडेल, म्हणजे सगळ्या खलाशांवर हुकूम चालवणारा माणूस. घशात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं, मानेला खाली कायमचं भोक पाडलं, श्वासनळीचं तोंड त्या भोकाला जोडलं, त्यात नळी बसवली. आता त्यांचं नाक नावाला. श्वास जायचा-यायचा तो त्या रुपयाएवढ्या भोकातून. छातीत कफ झाला तेव्हा, गावाजवळचं म्हणून, ते आमच्या रत्नागिरीच्या हॉस्पिटलात दाखल झाले. ट्रस्टचं हॉस्पिटल. मी तिथे कंत्राटी नर्स होते.

दाखल करताना फाइलवर कुणीतरी एक शब्द लिहिला: ट्रॅक्यो. गळ्यात नळी दिसली की आमच्याकडे सगळ्यांना तोच शब्द. पण फरक जगण्यामरण्याचा आहे. साध्या ट्रॅकिओस्टोमीत घशाची वरची वाट जागेवर असते. नळी निघाली तर ते भोक दाबून तोंडावरून हवा देतात, ती बहुतेकदा आत जाते. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला वरची वाटच नाही. त्याच्या तोंडावर मास्क ठेवून मानेचं भोक दाबणं म्हणजे त्याचा गळा दाबणं. मी हे मेट्रन मॅडमना सांगितलं. फाइल दुरुस्त करू म्हटलं.

"डॉक्टरांनी लिहिलेलं तू दुरुस्त करणार?" त्या हसल्या. "कोट्यातून आलात की पहिल्या दिवसापासून प्रोफेसर."

म्हणून मी कागद लावला. तो दसऱ्याच्या तीन दिवस आधी फाटला.

दत्तारामकाकांची एक भाषा होती. बोटीवर इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा तांडेल फळीवर ठोकून सांगतो. त्यांनी ती बोली पलंगावर आणली. एक ठोका: इकडे बघ. दोन: नळी भरली, कफ काढ. तीन ठोके म्हणजे त्यांची बायको, सुगंधाकाकी, कुठे गेली. मी ते दोन दिवसांत शिकले. बाकीचं कुणी शिकलं नाही. लतामावशी, वॉर्डातल्या आया, म्हणायच्या, "तांडेल परत वाजवतायत बघ. इथे काय मासळी लागलीय?" काका हसायचे. आवाज न होता हसायचे, आणि मानेच्या नळीतून फुसकन हवा यायची. मावशीही हसायच्या.

सुगंधाकाकी पलंगाखाली चटई टाकून राहायची. मला बाय म्हणायची. आमच्या भागात लेकीला म्हणतात तसं.

"बाय, मला इक्तंच सांग. ह्यांचा जीव नाकात नाय, गल्यात हाय. व्हय ना?"

"व्हय काकी."

"मंग तिकडंच बगत ऱ्हाते."

जे काकीला एका वाक्यात कळलं ते हॉस्पिटलला कळलं नाही. मी असं लिहिते तेव्हा वाटतं मी अजूनही सौम्य लिहितेय. त्यांना कळत नव्हतं असं नाही. माझ्याकडून कळून घ्यायचं नव्हतं.

दसरा आला. दसऱ्याला आमच्या हॉस्पिटलात शस्त्रपूजा असते. खालच्या मोठ्या हॉलात चौरंग मांडतात, पांढरी चादर अंथरतात आणि त्यावर हॉस्पिटलची यंत्रं ठेवतात. स्टेथोस्कोप, कात्र्या, चिमटे, बीपीचं मशीन. हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. दुकानदार तराजू पुजतो, रिक्षावाला रिक्षा पुजतो, तसं. मला त्याचं काही वाटत नाही. आमच्या घरी पूजा नसते. दसऱ्याला आमची वाडी विहारात जमते, पांढरे कपडे घालून. मी त्यासाठी सुट्टी मागितली होती.

"दसऱ्याला सगळ्यांना पूजेला बसायचंय," मॅडम म्हणाल्या. "वॉर्डात एक जण लागणार. तू थांब. तुला नाहीतरी... तुमच्यात हे चालत नाही ना."

म्हणजे मला विहारात जायला सुट्टी नाही, कारण त्यांना पूजा आहे. आणि पूजेला मी नको, कारण मी विहारातली. मी "बरं" म्हटलं. पुन्हा.

सकाळी ट्रस्टींचा राउंड झाला. ट्रस्टच्या अध्यक्षांना सगळे तात्यासाहेब म्हणतात. आंब्याच्या बागा, दोन शाळा, हे हॉस्पिटल. पांढरा झब्बा, हातात आपट्याची पानं. प्रत्येक पेशंटच्या हातात पान देत, "सोनं घ्या, बरे व्हा" म्हणत ते आले. दत्तारामकाकांपाशी थांबले. काकांना नेमका खोकला आला. नळीतून कफ उडाला, छातीवर पडला.

तात्यासाहेबांनी तोंड फिरवलं.

"ते गळ्याचं जरा झाकत जा. सणासुदीचं पाहवत नाही."

मॅडमनी चादर उचलली आणि काकांच्या हनुवटीपर्यंत ओढली. इस्त्रीची, पांढरी. राउंड पुढे सरकताच मी ती खाली केली. पण काकीनं ऐकलं होतं. मोठ्या माणसानं तिच्या नवऱ्याकडे बघून तोंड फिरवलं होतं. त्यानंतर दारात कुणी आलं की ती घाईघाईनं काकांच्या गळ्यावर पंचा टाकायची. मी काढायचे. ती म्हणायची, "ऱ्हाव दे बाय, लोकांना वंगाल दिसतं." जी बाई तीन दिवस त्या भोकाची राखण करत होती, तिला तात्यासाहेबांच्या एका वाक्यानं त्याची लाज वाटायला लागली. हे मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

साडेदहाला दोन वॉर्डबॉय आले आणि काकांच्या उशाशी ठेवलेलं सक्शन मशीन उचलायला लागले.

नळीतला कफ ओढून घेणारं मशीन. आमच्या मजल्यावर एकच. भिंतीतून कफ ओढायची लाइन फक्त खाली आयसीयूत. ते मशीन तात्यासाहेबांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं, त्यावर तशी पितळी पट्टी. म्हणून पूजेत ते मधोमध हवं होतं.

मी आडवी झाले. म्हटलं, हे उशाशी लागतं. कधीही लागतं.

मॅडम दारातच होत्या. शालू नेसलेल्या, गजरा माळलेला. "तासाभराचा प्रश्न आहे. तासाभरात मरतोय का तो?"

काकांना ऐकू यायचं. आवाज गेला होता, कान नाही. त्यांनी एक ठोका दिला.

"बघ," मॅडम म्हणाल्या, "तांडेलांची पण परवानगी आहे."

वॉर्डबॉय हसले. मशीन गेलं. कफ ओढायच्या नळ्यांचं पाकीटही त्यावर ठेवून गेलं.

मी जाऊ दिलं. या सगळ्या हकिगतीत मला सगळ्यात जास्त जाळणारं वाक्य हे आहे. मला माहीत होतं. त्या मजल्यावर फक्त मला माहीत होतं. आणि मी जाऊ दिलं, कारण मला ओरडायची सवय नव्हती. मला वाकायची सवय लावली होती.

सव्वाअकराला दोन ठोके आले. मी औषधं भरत होते. वळेपर्यंत पुन्हा दोन. मग दोन, दोन, दोन.

मी धावले. काका उठून बसले होते, ओठ जांभळट, दोन्ही हात कठड्यावर. नळीतून आवाज येत नव्हता. हवा जातच नव्हती. मी नळी काढली. काढलीच पाहिजे, भोक उघडं राहतं. नळीच्या आत सुकलेला कफ होता, पण पूर्ण बूच नव्हतं. बूच खाली होतं, श्वासनळीत. मी ऑक्सिजन भोकापाशी धरला, सलाईनचे थेंब टाकले, त्यांना खोकायला लावलं. थोडी हवा गेली. पुन्हा अडकली. तिथून ते ओढून काढायला मशीन हवं.

मशीन झेंडूच्या माळेत होतं.

मी खाली फोन लावला. वाजत राहिला. रिसेप्शनही पूजेला. मग ड्यूटी डॉक्टरच्या खोलीत लावला. तो धावत आला. नवीन मुलगा, महिन्यापूर्वीच लागलेला. मी मास्क त्याच्या हातात दिला. "मानेवर धरा. मानेवरच. मी मशीन आणते." त्यानं मान हलवली. काकीला म्हटलं, काकांना बसतं धर.

लिफ्ट पाहुण्यांसाठी थांबवून ठेवली होती. मी जिन्यानं उतरले.

हॉलच्या दाराशी चपलांचा ढीग. आत आरती. टाळ्या, घंटा, धूप. चौरंगावर मधोमध आमचं मशीन, काचेच्या बाटलीला हळदकुंकवाची बोटं, वर झेंडू. दारात मॅडम उभ्या होत्या. त्यांनी मला बघितलं. माझ्या चपला बघितल्या. हात आडवा केला.

"मशीन द्या. काकांचा श्वास अडकलाय."

"आरती होऊ दे."

"मॅडम, माणूस जातोय."

"पूजा उठल्याशिवाय हलवायचं नसतं. दोन मिनिटं थांब. आणि आत येऊ नकोस."

आत येऊ नकोस. मॅडम असं म्हणाल्या तेव्हा मला चपला दिसत होत्या, पण त्या चपलांबद्दल बोलत नव्हत्या. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. माझ्या आजीला विहिरीवर म्हटलेलं वाक्य होतं ते. बाबांना शाळेच्या ओट्यावर म्हटलेलं. दोघांनी मला ते सांगितलं होतं, आणि मी दरवेळी विचारलं होतं, मग तुम्ही काय केलंत?

मला प्रसाद नको होता. मला मशीन हवं होतं.

मी मॅडमचा हात बाजूला केला. चपला घालून आत गेले. पांढऱ्या चादरीवर पाय पडला, ठसा उमटला. मी मशीन दोन्ही हातांनी उचललं. माळ तुटली. पणती कलंडली. कुणीतरी ओरडलं, "अगं ए!" तात्यासाहेबांच्या हातात आरतीचं ताट होतं, ते तसेच उभे राहिले. आरती थांबली. मी नळ्यांचं पाकीट तोंडात धरलं आणि पळाले.

वर आले तेव्हा डॉक्टर काकांच्या तोंडावर मास्क दाबून हवा देणारा फुगा पिळत होता. काका आडवे झाले होते. आणि काकी त्यांच्या मानेवर ओणवी झाली होती. तिचे दोन्ही हात पंच्याची घडी त्या भोकावर ठेवून दाबलेले. डॉक्टरनंच तिला सांगितलं होतं: "ट्रॅक्यो आहे, नळी निघालीय, भोक दाबा, हवा बाहेर जातेय." फाइल पलंगावर उघडी होती. त्यानं मधल्या वेळात फाइल बघितली होती. फाइल म्हणत होती ट्रॅक्यो. ट्रॅक्योला तो करत होता ते बरोबर होतं. भिंत काही म्हणत नव्हती. भिंत कोरी होती, नव्या रंगाची, नखाएवढा पापुद्रा निघालेली.

मी काकीचे हात ओढून काढले. पंचा फेकला. मशीन लावलं. बटणावर कुंकू होतं. नळीच्या जोडात झेंडूची पाकळी अडकली होती, ती नखानं काढली. नळी आत घातली. कफाचं बूच आलं, बोटाच्या पेराएवढं. मग हवा गेली. छाती हलली.

काकांचं हृदय चालू राहिलं. लोक मला म्हणतात, वाचवलंस. वाचवलं नाही. त्या चार-पाच मिनिटांत काकांचं बरंच काही निघून गेलं. आता डोळे उघडे असतात. काकी समोर बसली तरी ते तिच्या पलीकडे बघतात. अंगठी बोटात आहे. काकी त्यांचं बोट धरून कठड्यावर ठेवते आणि वाट बघते.

ठोका येत नाही.

दुसऱ्या दिवशी मला ट्रस्टींच्या खोलीत बोलावलं. तात्यासाहेब, मेट्रन मॅडम, एक क्लार्क. मला बसायला सांगितलं नाही. टेबलावर दोन कागद टाइप करून तयार होते.

"देवासमोरचं यंत्र उचललंस," तात्यासाहेब म्हणाले. "पायात चपला घालून. तुला काही वाटलं नाही?"

मी विचारलं, "काकांबद्दल कुणी विचारणार आहे का?"

"तो विषय वेगळा."

पहिला कागद माफीनामा होता. पूजेत व्यत्यय आणल्याबद्दल आणि भावना दुखावल्याबद्दल. दुसरा कागद घटनेचा अहवाल. त्यात लिहिलं होतं की नातेवाईक महिलेनं सूचना न पाळता रुग्णाच्या गळ्यावर कपडा दाबल्यानं प्रकृती गंभीर झाली, कर्मचाऱ्यांनी तातडीनं उपचार केले. खाली माझ्या नावाची जागा, सहीसाठी रेघ मारलेली.

मी तो दोनदा वाचला. नातेवाईक महिला. जिला तात्यासाहेबांनी झाकायला शिकवलं आणि डॉक्टरनं दाबायला सांगितलं, ती. जिनं आपल्या दोन हातांनी आपल्याच माणसाचा श्वास बंद केला, आणि जिला हे अजून कुणी सांगितलेलं नव्हतं, ती. सगळं तिच्यावर टाकायचं होतं. आणि टाकणारा हात माझा हवा होता. मच्छीमाराच्या बायकोवर बौद्धवाडीतल्या पोरीची सही. त्यांचे हात स्वच्छ.

"सही कर," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता. "पुढच्या महिन्यात कंत्राट संपतंय तुझं. मी शब्द टाकेन. पोरीसारखी आहेस."

चार दिवसांपूर्वी त्यांनी "उचल" म्हटलं तेव्हा मी उचललं होतं.

मी क्लार्कच्या खिशातलं पेन घेतलं. अहवालाचा कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर उभ्या उभ्या लिहायला लागले. मशीन किती वाजता नेलं. कुणी नेलं. मी काय म्हटलं, मॅडम काय म्हणाल्या, शब्दाला शब्द. उशाचा कागद कुणी फाडला. फाइलवर काय चुकलं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं होतं. मशीन जाऊ दिलं ही माझी चूक, तेही लिहिलं. पूर्ण पान भरलं. खाली सही केली. माझं पूर्ण नाव, आडनावासकट, ठळक.

"आता ही सही घ्या," मी म्हटलं.

क्लार्कनं माझ्या हातून पेन परत घेतलं नाही. मोबाइलवर मी त्या पानाचा फोटो काढला. तात्यासाहेब उठून उभे राहिले.

"तुम्हा लोकांना शिकवून चूक केली."

"तुम्ही शिकवलं नाहीत," मी म्हटलं. "बाबांनी शिकवलं."

नोकरी गेली. त्याबद्दल रडणार नाही.

डॉक्टर मला फाटकाजवळ भेटला. डोळे सुजलेले. म्हणाला, "मला माहीत नव्हतं. खरंच." मी म्हटलं, माहीत आहे. त्यानं विचारलं, "त्या कागदावर काय होतं?" मी सांगितलं. तो खाली बसला, फाटकाच्या कट्ट्यावर. पण लेखी द्याल का विचारलं तर म्हणाला, बघतो. अजून बघतोय. माझा राग त्याच्यावर कमी आहे. ज्यांनी त्याला महिनाभरात एकदाही शिकवलं नाही, चुकीची फाइल हातात दिली, कोरी भिंत समोर ठेवली आणि आता अहवालात त्याचं नाव घातलं नाही, त्याची किंमत म्हणून त्याला गप्प ठेवतायत, त्यांच्यावर माझा राग आहे.

काकीला मीच सांगितलं. पंच्याचं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. तिनं आपले हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "त्यानं सांगितलान म्हनून मी दाबला, बाय."

"व्हय काकी."

"आनि तुजा कागद अस्ता तर?"

उत्तर तिला माहीत होतं. तिनं पदर खोचला आणि उठली. "मंग चल. ह्यांना बोलता येत नाय. मला लिवता येत नाय. तू लिव, मी आंगठा देते."

तक्रार गेली. जिल्ह्याच्या कार्यालयात गेली, तिथून चौकशी लागली. चौकशी कुठे? त्याच हॉस्पिटलात, त्याच ट्रस्टींच्या खोलीत, येत्या सोमवारी. ट्रस्टकडून निरोप आला की येताना माफीनामा घेऊन आलीस तर बाकीचं समजुतीनं मिटेल.

बाबा आता गावीच असतात. पावसच्या रस्त्याला आमचं घर आहे. हात थरथरतो, पण घडी अजून सरळ घालतात. मी तो फाटलेला कागद पुन्हा लिहून काढला आणि शहरातल्या एका छापखान्यातून त्याचं प्रूफ आणलं. बाबांनी ते हातात घेतलं, लांब धरलं.

"दुसरी ओळ वर घे."

"मान झाकू नका? का?"

"लोक तीच चूक आधी करतात."

मी ती वर घेतली. दोनच प्रकार छापून घेतले. एक साध्या ट्रॅकिओस्टोमीचा, हिरव्या कागदावर. एक स्वरयंत्र काढलेल्यांचा, लाल कागदावर. लांबून रंगावरून कळावं, कुणाला कुठून हवा द्यायची. मुंबईच्या ज्या वॉर्डात मी शिकले तिथे प्रत्येक उशाशी असा कागद असायचा, आणि त्याखाली एक डबा: त्याच मापाची जादा नळी, एक माप लहान नळी, कात्री, सक्शनच्या नळ्या. डब्याला कुलूप नसायचं. मशीन पलंग सोडून जायचं नाही, देव आला तरी. प्रत्येक पाळी बदलताना नर्स दुसऱ्या नर्सला नळीचं माप तोंडानं सांगायची. यात काही फार मोठं नाही. हे रत्नागिरीत होऊ शकतं. होत नाही, कारण सांगणारी कोण आहे ते आधी बघितलं जातं आणि काय सांगतेय ते नंतर.

सोमवारी मी जाणार आहे. एका हातात त्या पानाचा फोटो, छापून घेतलेला. दुसऱ्या हातात लाल आणि हिरवे कागद, आणि चिकटपट्टी. सोबत काकी. माफीनामा नाही.

ट्रस्टींच्या खोलीबाहेर पाटी आहे: पादत्राणे बाहेर काढावीत. आधी मी दत्तारामकाकांच्या वॉर्डात जाईन. उशाशी लाल कागद लावीन, त्याच जागी, जिथला पापुद्रा निघालाय. कुणी फाडला तर दुसरा लावीन. गठ्ठा मोठा आहे. मग खाली येऊन त्या पाटीखालून चपला घालून आत जाईन आणि सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसेन.

काका ठोकू शकत नाहीत. आता टेबलावर मी ठोकणार आहे.